‘फॅन्सना आवडलं का?’ हा प्रश्न संशोधनात का चालत नाही



पेट दिलेल्या किंवा देणाऱ्या तुमच्यापैकी कुणाचा तरी एक प्रश्न हमखास येतो: “ताई, मला सिनेमा आवडतो, फॅन्सवर काम करायचंय, पण विषयाचा प्रश्न कसा तयार करू?” उत्तर म्हणून आज माझीच फजिती सांगते. माझा पहिला प्रस्ताव समितीने परत पाठवला होता. फेलोशिपचे महिने चालू होते, घरी “झालं का गं तुझं ते?” असं विचारणं सुरू होतं, आणि हातात काहीच नव्हतं. तो प्रस्ताव का पडला हे नीट समजून घेतलंत, तर तुमचे दोन-तीन महिने नक्की वाचतील.

माझा विषय होता ‘स्टार वॉर्स: गॅलक्सीज एज’. प्रश्न एका ओळीचा: “या नव्या लँडबद्दल फॅन्स समाधानी आहेत का?” मला तो फार स्वच्छ वाटत होता. मॅडमनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, “अगं, कोणते फॅन? कधीचे? आणि समाधानी म्हणजे कशाबद्दल?” माझ्याकडे तिन्हींची उत्तरं नव्हती. आजचा लेख या तीन प्रश्नांवरच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

‘लँड’ म्हणजे थीम पार्कमधला एक स्वतंत्र विभाग. तिथली घरं, दुकानं, खाणं, संगीत, कर्मचाऱ्यांचे कपडे हे सगळं एकाच कल्पनेभोवती रचलेलं असतं. डिस्नेने गॅलक्सीज एजची घोषणा ऑगस्ट २०१५ मध्ये केली. ३१ मे २०१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ते उघडलं आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला फ्लोरिडात त्याची जोडआवृत्ती आली. जागा साधारण १४ एकर.

यातली मुख्य गोष्ट अशी की ही जागा सिनेमात कुठेच नव्हती. ल्यूकचा वाळवंटी टॅटूइन ग्रह बांधण्याऐवजी डिस्नेने बॅटू नावाचा नवा ग्रह कल्पिला. कथेचा काळही पक्का ठरवला: २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’नंतरचा. परिणाम असा की १९७७ पासून लोकांच्या मनात बसलेला डार्थ व्हेडर तिथे फिरताना दिसणार नव्हता, कारण त्या काळापर्यंत तो मेलेला आहे. कर्मचारी तुम्हाला ‘हॅलो’ऐवजी ‘ब्राइट सन्स’ म्हणणार, पाट्या ऑरेबेश या काल्पनिक लिपीत असणार, आणि तुम्ही त्या गावात आलेले एक प्रवासी.

डिस्नेच्या रचनाकारांचं म्हणणं साधं होतं. टॅटूइनवर काय घडलं ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात आपण नव्हतो हेही माहीत आहे. नव्या गावात मात्र तुमची स्वतःची गोष्ट घडू शकते. यावर फॅन्समध्ये जी चर्चा झाली, ती माझा डेटा. आता मॅडमच्या प्रश्नांकडे येऊ.

पहिला प्रश्न: कोण बोलतंय?

मी ऑनलाइन प्रतिक्रिया गोळा करायला लागले आणि त्यांना सरळ ‘फॅन्सचं मत’ म्हणून टाकलं. इथेच पहिली चूक झाली.

सुरुवातीचे दिवस आठवा. ३१ मे ते २३ जून २०१९ या काळात कॅलिफोर्नियातल्या लँडमध्ये जायला आगाऊ आरक्षण लागत होतं आणि आत राहायला चार तास मिळत. ज्यांनी त्या आठवड्यांत लिहिलं, ते एकतर आरक्षण मिळवण्यासाठी धडपडलेले उत्साही लोक होते किंवा अजून न गेलेले, फोटो आणि व्हिडिओ बघून बोलणारे. दोघंही फॅन असू शकतात, पण एकाचं मत अनुभवातून आलंय आणि दुसऱ्याचं अपेक्षेतून. माझ्या वहीत दोघं एकाच रकान्यात होते.

दुसरी अडचण आवाजाची. मॉर्टन बे या संशोधकाने २०१८ मध्ये ‘द लास्ट जेडाय’चे दिग्दर्शक रायन जॉन्सन यांना उद्देशून केलेली ९६७ ट्वीट्स तपासली. नकारात्मक ट्वीट्स साधारण पाचांत एक निघाली. त्या नकारात्मकांपैकीही निम्म्याहून अधिक ट्वीट्स बॉट, ट्रोल किंवा राजकीय हेतूने लिहिणाऱ्यांची दिसली. वर्तमानपत्रांनी याचे मथळे ‘निम्मी टीका रशियन ट्रोल्सची’ अशा थाटात केले, मूळ अभ्यासात मात्र रशियन वाटणारी खाती मोजकीच होती. यातून दोन गोष्टी शिका. आरडाओरडा करणारा गट म्हणजे सगळे फॅन नव्हेत, आणि पेपर मथळ्यावरून कधीच वाचू नका.

दुसरा प्रश्न: कधी?

गॅलक्सीज एज उघडलं तेव्हा ते अर्धंच होतं. ‘मिलेनियम फाल्कन: स्मगलर्स रन’ ही एकच राइड चालू होती. ज्या ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’चं नंतर इतकं कौतुक झालं, ती फ्लोरिडात ५ डिसेंबर २०१९ ला आणि कॅलिफोर्नियात १७ जानेवारी २०२० ला सुरू झाली. म्हणजे जूनमधली ‘करायला फार काही नाही’ ही तक्रार आणि पुढच्या फेब्रुवारीतली तीच तक्रार यांचा अर्थ वेगळा होतो. मग मार्च २०२० मध्ये साथीमुळे उद्यानं बंद झाली आणि डिस्नेलँड थेट एप्रिल २०२१ अखेर उघडलं. २०२२ मध्ये तिथे बोबा फेट, मँडलोरियन आणि छोटा ग्रोगू दिसू लागले, म्हणजे ठरवलेल्या काळाची चौकट डिस्नेनेच सैल केली.

मी या सगळ्या काळातल्या प्रतिक्रिया एकत्र ढवळल्या होत्या. हे म्हणजे बांधकाम चालू असलेल्या घराबद्दलचं आणि वास्तुशांत झालेल्या घराबद्दलचं मत एकाच पातेल्यात टाकण्यासारखं. प्रतिक्रियेला तारीख असते, ती तुमच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात हवी.

तिसरा प्रश्न: कशाबद्दल?

माझ्या वहीत दोनच कोड होते: खूश आणि नाखूश. कोडिंग म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला अर्थाचं लेबल लावणं. पहिल्याच दिवशी अडले. या पद्धतीचं एक वाक्य घ्या (उदाहरण मी रचलंय, का ते पुढे सांगते): “फाल्कन समोर दिसलं आणि डोळ्यांत पाणी आलं, पण ल्यूक नसलेलं स्टार वॉर्स माझं कसं?” सांगा, कुठल्या रकान्यात टाकाल? मी ‘नाखूश’मध्ये टाकलं होतं. रडणारा माणूस माझ्या हिशोबात असमाधानी ग्राहक झाला होता!

मॅडम म्हणाल्या, “रकाना बदलू नकोस, प्रश्न बदल. हा माणूस काय मागतोय ते बघ.”

पुन्हा वाचायला बसले तेव्हा हळूहळू दोन वेगळ्या मागण्या दिसू लागल्या. एक मागणी परतण्याची: लहानपणी पाहिलेल्या जगात मला पुन्हा न्या. दुसरी मागणी सहभागाची: या जगात मला माझी जागा द्या. गॅलक्सीज एज दुसऱ्या मागणीसाठी बांधलेलं होतं. पहिली मागणी घेऊन आलेल्यांना कारागिरी आवडूनही काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं. एकाच माणसाच्या मनात दोन्ही मागण्या असू शकतात, म्हणूनच ते वाक्य एका रकान्यात मावत नव्हतं.

शिवाय प्रतिक्रिया कशाला उद्देशून आहे तेही बघावं लागतं: राइडला, पात्रांना, किमतीला की एखाद्या वस्तूला? तिथे स्वतःची लाइटसेबर बनवायला सुरुवातीलाच जवळजवळ २०० डॉलर मोजावे लागत होते. गोळ्याच्या आकाराच्या कोकच्या बाटल्या कथेतल्या बॉम्बसारख्या दिसतात, म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकन विमानतळ सुरक्षेने त्यांना सामानात मनाई केली. फॅन्स इतके नाराज झाले की काही दिवसांत नियम सैल करावा लागला. त्या नाराजीत बॅटूबद्दल तक्रार नव्हती, उलट तिथलं काहीतरी घरी न्यायची ओढ होती. माझ्या जुन्या पद्धतीने तीही ‘नाखूश’मध्येच गेली असती.

गर्दीचे आकडे म्हणजे मत का?

अनेक जण इथे शॉर्टकट मारतात: “लोक आले का ते बघ, म्हणजे कळेल.” २०१९ च्या त्या उन्हाळी तिमाहीत डिस्नेच्या अमेरिकेतल्या उद्यानांची उपस्थिती ३ टक्क्यांनी घटली. लगेच ‘फॅन्सनी पाठ फिरवली’ असा निष्कर्ष निघाला. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी दिलेली कारणं वेगळी होती: प्रचंड गर्दी होईल या भीतीने लोकांनी येणं टाळलं आणि परिसरातल्या हॉटेलांचे दर चढले होते. कंपनी स्वतःच्या सोयीचं बोलते हे धरूनही मुद्दा उरतोच. माणूस का आला नाही हे आकडा सांगत नाही. न येण्यामागे नावड असेल, भीती असेल किंवा रिकामा खिसा असेल.

तुलना केली की प्रश्नाला धार येते

फक्त एका लँडकडे बघत राहिले असते तर मी अजून तिथेच असते. शेजारी दोन उदाहरणं ठेवली. ओरलँडोमधलं युनिव्हर्सलचं हॅरी पॉटर लँड १८ जून २०१० ला उघडलं. तिथे हॉगवर्ट्सचा किल्ला आहे, हॉग्जमीड गाव आहे, बटरबीअर आहे. सगळं पुस्तकातून आणि पडद्यावरून ओळखीचं, म्हणजे परतण्याची मागणी पूर्ण. दुसरं उदाहरण २७ मे २०१७ ला फ्लोरिडात उघडलेलं ‘अवतार’चं पँडोरा. तिथेही कथा सिनेमातल्या घटनांनंतरची आणि मुख्य पात्रं हिंडताना दिसत नाहीत. तरी ‘आमची पात्रं कुठे?’ या मागणीने तिथे गॅलक्सीज एजसारखा जोर धरला नाही. का? माझा तर्क असा की ‘अवतार’च्या प्रेक्षकांना पँडोरा ही जागाच हवी होती, स्टार वॉर्सच्या प्रेक्षकांना माणसंही हवी होती. तर्क आहे, तपासायचा आहे. पण आता निदान तपासता येईल असा प्रश्न हातात आला होता: “ओळखीच्या कथेतली अनोळखी जागा पाहताना फॅन्स आपलेपणा कशाच्या आधारे ठरवतात?”

समितीने हा प्रश्न मान्य केला.

दोन गोष्टी प्रामाणिकपणाच्या

पहिली: मी स्वतः फॅन आहे. व्हेडर नाही म्हणून मीही चिडले होते, आणि कॅलिफोर्नियाला जाण्याएवढे पैसे माझ्याकडे नाहीत. हेन्री जेन्किन्स यांच्या १९९२ च्या ‘टेक्स्च्युअल पोचर्स’पासून फॅन असलेला अभ्यासक ही भूमिका सन्मानाने मांडली जाते. पण ती मांडायची असते, लपवायची नसते. माझ्या ‘नाखूश’ रकान्यात माझाच राग बसला होता हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी: वरचं वाक्य मी रचलं, कारण सार्वजनिक जागी लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं छापलं तर शोधून लिहिणाऱ्यापर्यंत पोचता येतं. त्याने ते तुमच्या प्रबंधासाठी लिहिलेलं नसतं. म्हणून आशय सांभाळून शब्द बदलायचे किंवा परवानगी घ्यायची, आणि काय केलं ते पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहायचं.

तुमच्यासाठी गृहपाठ

२०२५ मध्ये डिस्नेने जाहीर केलं की २०२६ पासून कॅलिफोर्नियातल्या लँडचा काळ बदलणार आणि ल्यूक, लेया, हान सोलो व डार्थ व्हेडर तिथे भेटणार. घोषणेनुसार हा बदल तिथल्यापुरताच, फ्लोरिडातला बॅटू आहे तसाच राहणार. जवळपास सारखीच दोन गावं, त्यातलं एक बदललेलं, एक न बदललेलं. संशोधकाला अशी तुलना आयती क्वचितच मिळते.

यावर एका वाक्यात संशोधन प्रश्न लिहा. ‘आवडलं का’ हे शब्द वापरायचे नाहीत. मग त्याला मॅडमचे तीन प्रश्न विचारा: कोण, कधी, कशाबद्दल? एकाचंही उत्तर “सगळे”, “केव्हाही” किंवा “एकूणच” असं आलं, तर कागद उलटा करा आणि मागच्या बाजूला पुन्हा लिहा. माझा प्रश्न सातव्या कागदावर जमला होता. तुमचा चौथ्यावर जमला तर मला जरूर कळवा, थोडा हेवा वाटेल, पण आनंदच होईल.