फळ्यावरचे शुद्धिपत्र

पाठ्यपुस्तकात छपाईची चूक राहिली, तर आपण सगळी पुस्तके परत मागवत नाही. तासाच्या सुरुवातीला फळ्यावर दुरुस्ती लिहितो. संगणकाच्या प्रोसेसरचेही असेच आहे.

१९९४ साली पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात चूक सापडली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा. उत्तर १.३३३८२ येते, पेंटियम १.३३३७४ देत असे. चूक सिलिकॉनमध्येच पक्की झालेली, म्हणून इंटेलला प्रोसेसर बदलून द्यावे लागले.

परंतु प्रोसेसरचे सगळेच काम पक्क्या जोडणीने होत नाही. गुंतागुंतीच्या आज्ञा तो लहान पायऱ्यांत फोडून पार पाडतो. या पायऱ्यांच्या यादीला मायक्रोकोड म्हणतात. ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मांडली. इंटेलच्या १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये या यादीला बाहेरून दुरुस्ती जोडण्याची सोय होती. मात्र वीज बंद होताच ही दुरुस्ती पुसली जाते. म्हणून संगणक सुरू होताना ती दर वेळी नव्याने भरावी लागते.

ती भरायची कोणी? मदरबोर्डवरील बायोस भरते, पण तिच्याकडची प्रत जुनी असू शकते. मोठ्या संगणकावर तर अनेक आभासी संगणक एकत्र नांदतात आणि त्यांचा कारभार हायपरवायजर पाहतो. प्रोसेसर सर्वांचा सामाईक, म्हणून एकट्या आभासी संगणकाला मायक्रोकोड बदलू देत नाहीत. वर्गातल्या कोणीही उठून फळ्यावर लिहायचे नसते! हे काम हायपरवायजरचेच.

केंब्रिजमध्येच जन्मलेल्या झेन या हायपरवायजरला सुरू होताना ‘यूकोड स्कॅन’ अशी सूचना देता येते. मग तो सोबत आलेल्या फायलींत योग्य दुरुस्ती शोधून सुरुवातीलाच भरतो. सूचना द्यायची राहिली, तरी संगणक नेहमीसारखाच चालतो. खरा धोका इथेच आहे. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ दोषामुळे एका आभासी संगणकाला शेजाऱ्याची गुपिते वाचता येण्याची शक्यता निर्माण झाली, आणि त्यावरील काही उपायांना नवा मायक्रोकोड आवश्यक होता. सुरक्षितता माणसाच्या आठवणीवर सोडू नये, यासाठी झेन तयार करतानाच हा शोध आपोआप होईल असे ठरवता येते.

भंडाऱ्यातील एखाद्या शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर प्रोसेसरच्या माहितीत ‘मायक्रोकोड’ ही ओळ विद्यार्थ्यांना शोधायला सांगा. तिच्यापुढचा आकडा म्हणजे आजच्या शुद्धिपत्राचा क्रमांक.