नळ सोडला की गीझर पेटतो कसा?

नळ सोडला की गॅस गीझरमधून आवाज येतो, टक्-टक्-टक्, आणि मग भप्प! पाणी आलंय हे त्याला सांगतं कोण? आतला एक रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम.

व्हॉल्व्हमध्ये पाण्याची एक डबी असते. हा पडदा तिचे दोन कप्पे करतो. नळ बंद असताना दोन्हीकडे दाब सारखा, म्हणून पडदा गप्प. नळ सोडला की पाणी एका अरुंद जागेतून पळतं. जिथे वेग जास्त, तिथे दाब कमी. हा कमी दाब पडद्याच्या एका बाजूला पोचतो, दुसऱ्या बाजूचा जास्त दाब त्याला ढकलतो, आणि पडदा एक दांडी सरकवतो. दांडीमुळे मायक्रोस्विच चालू होतो. मग दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलवर ठिणगी पडते आणि सोलेनॉइड गॅसची वाट उघडतो. ज्योत लागली नाही, तर सेन्सर काही सेकंदांत गॅस बंद करायला लावतो. नळ बंद केला की स्प्रिंग पडद्याला मागे नेते. खेळ खलास!

आता आपल्या संभाजीनगरचं बघा. जायकवाडीचं पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून सगळी भिस्त गच्चीवरच्या टाकीवर. टाकीतलं पाणी 1 मीटर उंच असेल, तर दाब मिळतो साधारण 0.1 बार. वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम 2 मीटर वर, म्हणजे फक्त 0.2 बार! त्यात गाळाने इनलेटची जाळी तुंबली, की पडदा हलतच नाही. म्हणून गीझर पेटला नाही तर मी आधी सेल आणि जाळी बघतो, मग मेकॅनिकला फोन. दांडी मात्र कधीही अडकवून ठेवू नका. पाणी नसताना बर्नर पेटू नये, म्हणूनच तर ती आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा व्हॉल्व्ह दोनच गोष्टी तपासतो: पाणी वाहतंय का, आणि ज्योत आहे का. तुमच्या श्वासाला हवा पुरतेय का, हे त्याला कळत नाही. बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. याला ना वास, ना रंग. त्यामुळे गीझर बाथरूमबाहेर, खेळत्या हवेत बसवा. अंघोळ करताना डोकं गरगरलं, तर दार उघडून लगेच बाहेर या.

हा भाग घरच्यांनाही नक्की ऐकवा!