गावातला आवाज : त्रास कधी, दिलासा कधी?

तालुक्याच्या गावात घड्याळ न पाहताही वेळ कळते. पहिली एसटी डेपोतून निघते, मशिदीतली अजान आणि मंदिरातली आरती होते, मग घंटागाडी ठरलेले गाणे वाजवत गल्लीत शिरते. नगरपालिकेचा भोंगा वाजला की कामावर जाणाऱ्यांची पावले भरभर पडू लागतात. दुपारी पिठाची गिरणी, भंगारवाल्याची रेकॉर्ड केलेली हाक, शाळा सुटल्याची घंटा. संध्याकाळी घरोघरी कुकरच्या शिट्ट्या आणि विहारातली वंदना. बाहेरगावी शिकायला गेलेल्या आपल्या मुला-मुलींना हेच आवाज आठवतात.

पण याच गावात रात्री अकराला लग्नाचा डीजे सुरू असतो. बुलेटचा सायलेन्सर काढून कोणीतरी फटाके फोडल्यासारखी गाडी फिरवतो. मंगल कार्यालयाच्या मागे राहणारी म्हातारी लग्नसराई संपायची वाट पाहते. एकाच गावातले काही आवाज दिलासा देतात आणि काही जीव नकोसा करतात. असे का होते, हे नीट समजून घेतले तर तक्रार कुठे करायची आणि कुठे करायची नाही, हेही ठरवता येते.

सवय होते, पण पूर्ण नाही

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. आपण झोपलो तरी कान ऐकत असतो आणि मेंदू त्यातून निवड करत असतो. म्हणून रुळाच्या कडेला राहणारी आई रेल्वेच्या धडधडीत झोपते आणि बाळ जरा कुरकुरले की जागी होते. ओळखीचा, ठरल्या वेळी येणारा आणि लवकर संपणारा आवाज मेंदू धोक्याचा मानत नाही. गिरणी सातला बंद होणार हे माहीत असते. डीजे कधी बंद होणार हे माहीत नसते, आणि 'बंद करा' म्हणण्याची सोयही नसते. त्रासाचा मोठा भाग या हतबलतेत आहे.

मात्र 'आम्हाला सवय झाली आहे' हे वाक्य अर्धेच खरे आहे. झोपमोड झाली नाही तरी आवाजामुळे हृदयाचे ठोके वाढतात, शरीर ताणात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मार्गदर्शक पातळी घराबाहेर ४० डेसिबल सुचवली, ती याच कारणाने. वर्षानुवर्षे रात्रीचा गोंगाट सोसणाऱ्यांमध्ये रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

डेसिबलचा हिशेबही समजून घेऊ. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. आवाज १० डेसिबलने वाढला म्हणजे त्याची तीव्रता दहापट झाली. ८५ डेसिबलचा आवाज कान दिवसाला साधारण ८ तास सोसू शकतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते, आणि १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गाणे आवडीचे आहे की नावडते, याचा त्यांच्याशी काही संबंध नसतो.

उठून जाणे कोणाला शक्य आहे?

अंगुत्तर निकायातल्या कंटक सुत्तात एक प्रसंग आहे. तथागत वैशालीच्या महावनात असताना लिच्छवी रथांचा मोठा गजर करत दर्शनाला येऊ लागले. तो आवाज ऐकून काही ज्येष्ठ भिक्खू उठले आणि गोसिंगच्या सालवनात निघून गेले. तथागतांना हे कळल्यावर त्यांनी त्या भिक्खूंचे योग्यच झाले असे सांगितले. पहिल्या ध्यानासाठी आवाज हा काटा आहे, ही शिकवण याच सुत्तातली.

त्या भिक्खूंना जायला सालवन होते. आपल्या वस्तीत एका खोलीत पाच माणसे राहतात. तिथे एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी कुठे जाणार? रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार, नुकते बाळंतपण झालेली बाई, दम्याचा रुग्ण, यांना उठून जायला जागा नाही. ज्याच्याकडे मोठे घर आहे तो आतल्या खोलीत जातो, काचेची खिडकी लावतो. पत्र्याच्या घरात खिडकी लावली तरी पत्राच थरथरतो. म्हणजे एकाच डीजेचा त्रास सर्वांना सारखा होत नाही. ज्याला बाजूला होता येत नाही, त्याला तो सर्वांत जास्त होतो. आवाज योग्य की अयोग्य हे ठरवताना आपण आधी याच माणसाकडे पाहिले पाहिजे.

आवाज करण्याचा हक्क

इथे आपल्यातले काही कार्यकर्ते विचारतील, 'इतर सगळे वाजवतात, मग आम्हीच गप्प का बसायचे?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वतनाच्या काळात सरकारी हुकूम घरोघर पोहोचवणे, मयताची वार्ता परगावी नेणे ही कामे महारांवर होती. गावाचा निरोप त्यांनी वाहायचा. पण स्वतःच्या लग्नात वाजंत्री लावून गावातून वरात काढायची म्हटले की अनेक ठिकाणी वाट अडवली जाई. स्वातंत्र्यानंतरही हे लगेच संपले नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाचा खून झाला, आणि वादाचे कारण होते त्याच्या मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. खिशातला एवढासा आवाजही ज्यांना सहन झाला नाही, अशा समाजात १४ एप्रिलची मिरवणूक वाजतगाजत निघते तेव्हा त्या आवाजाला अर्थ असतो. आम्ही इथे आहोत, असे तो सांगतो.

पण मग साधा हिशेब करू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. डीजेची भिंत आपल्या वस्तीत उभी राहते. ज्यांना ऐकवायचे ते चार गल्ल्या पलीकडे असतात, त्यांच्यापर्यंत आवाज विरत जातो. सर्वांत मोठा आवाज ऐकते ते भिंतीलगतच्या घरातले आपलेच बाळ आणि आपलीच आजी.

आंबेडकरी जलशांनी ढोलकीच्या साथीने गावोगाव विचार पोहोचवला. वामनदादा कर्डकांची गाणी पाठ झाली, कारण शब्द ऐकू येत होते. डीजेच्या दणक्यात छातीचे पडदे हलतात, पण शब्द कानापर्यंत येत नाहीत. बाबासाहेबांचे नाव घ्यायचे आणि तेच ऐकू येऊ द्यायचे नाही, यातून काय साधते?

कायदा काय सांगतो

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. आपल्या जिल्ह्यात यंदा कोणते दिवस ठरले आहेत, हे जिल्हाधिकारी कार्यालयातून आधीच विचारून घ्यावे.

१८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटमुक्त जगण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ शी जोडला. कोणालाही बळजबरीने श्रोता करता येत नाही, हा त्याचा गाभा. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितले. तक्रारदाराची ओळख उघड होऊ नये, असेही २०२५ च्या निकालात आहे. हे नियम मंदिर, मशीद, चर्च आणि विहार सर्वांना सारखेच लागू आहेत.

पोलीस आपल्याच वस्तीत आधी येतात, अशी तक्रार कार्यकर्त्यांकडून नेहमी ऐकू येते. तिचे उत्तर नियम मोडण्यात नाही. आपली परवानगी लेखी असेल, आपला आवाज मर्यादेत असेल, तरच दुसऱ्या मिरवणुकीला वेगळा न्याय का, हे आपण ठणकावून विचारू शकतो.

आपण काय करू शकतो

पहिले, नोंद ठेवा. आठवडाभर कोणता आवाज किती वाजता सुरू झाला आणि कधी थांबला, हे वहीत लिहा. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे अॅप पुरावा ठरत नाही, पण अंदाज देते.

दुसरे, आधी बोला. गिरणीवाल्याला यंत्राखाली रबर बसवायला सांगता येते. मंगल कार्यालयाच्या मालकाला स्पीकरचे तोंड फिरवायला सांगता येते. बोलून भागले नाही तर ११२ वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

तिसरे, गरिबाच्या हाकेवर तक्रार करू नका. भाजीवाली, चादरी विकणारा, कल्हईवाला यांचा आवाज क्षणभराचा असतो आणि त्यावर त्यांची चूल पेटते. गोंगाटाविरुद्धच्या मोहिमेत हातगाडीवाला आधी सापडतो आणि डीजेचा मालक सुटतो, असे होता कामा नये.

चौथे, आपल्या कार्यक्रमापासून सुरुवात करा. विहाराचा स्पीकर विहाराच्या आतच ऐकू येईल इतका ठेवा. मिरवणुकीचा मार्ग दवाखान्यापासून दूर ठेवा, स्पीकरची भिंत घरांना चिकटून उभी करू नका, डीजेजवळच्या स्वयंसेवकांना कानात घालायचे बोळे द्या. डीजेच्या भाड्यात अभ्यासिकेची किती पुस्तके येतात, याचा हिशेब समितीच्या बैठकीत एकदा मांडा.

पाचवे, शांततेची वेळ सर्वांनी मिळून ठरवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये असे करून दाखवले. तिथे संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात आणि मुले अभ्यासाला बसतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो. या भोंग्याचा कोणाला त्रास वाटत नाही, कारण तो कशासाठी वाजतो आणि किती वेळाने संपणार हे सर्वांना माहीत आहे, आणि तो सर्वांच्या संमतीने वाजतो.

आपल्या वस्तीत असा दीड तास ठरवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. विहारात एक बैठक बोलवा. परीक्षेला बसलेली मुले, रात्रपाळीचे कामगार आणि घरातली म्हातारी माणसे यांना आधी बोलू द्या. त्यांचे ऐकून घेतले की कोणता आवाज ठेवायचा आणि कोणता कमी करायचा, याचा निर्णय अवघड राहणार नाही.

नमो बुद्धाय, जय भीम!