पोटाचं दुखणं ‘मनाचं’ नसतं!

पेपरच्या दिवशी सकाळी तीनदा टॉयलेट, मग दोन दिवस पोट साफच नाही आणि रिपोर्ट काढावेत तर सगळे नॉर्मल. घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेणं बंद कर, आपोआप बरं वाटेल.’ ओळखीचं वाटतंय?

हा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस असू शकतो. टेन्शनने तो वाढतो हे खरं, पण म्हणून तो मनाचा खेळ ठरत नाही. स्वीडनमधल्या माल्मोच्या संशोधकांना आयबीएसच्या काही रुग्णांच्या रक्तात जीएनआरएच या हार्मोनविरुद्धच्या अँटीबॉडीज सापडल्या. हे हार्मोन मेंदूत तयार होतं आणि पाळीची सूत्रं हलवतं. गंमत म्हणजे, आतड्यातल्या चेतापेशींतही ते आढळतं! त्याच्यासारखी औषधं घेतलेल्या काही स्त्रियांच्या आतड्यांची हालचाल बिघडल्याचंही दिसलंय.

पण म्हणून लगेच अँटीबॉडी टेस्ट करायला धावू नका. या अँटीबॉडीज आजाराचं कारण आहेत की परिणाम, हे अजून ठरलेलं नाही.

त्यापेक्षा हे करा. तीन महिने आठवड्यातून एकदा तरी पोट दुखत असेल आणि शौचाचं वेळापत्रक बिघडलं असेल, तर डॉक्टरांना भेटा. काय खाल्लं, कधी दुखलं, पाळी कधी आली, हे मोबाइलमध्ये लिहून न्या. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, ताप येत असेल किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल, तर मात्र तीन महिने थांबायचं नाही.

आणि लाजायचं तर अजिबात नाही!