घरगुती कार्यशाळेतील वायुभट्टी व झाळकामाची चूल

वायुभट्टी व झाळकामाची चूल या दोहोंत ज्वाला एकाच वायूची असते. त्यामुळे एकाच साधनावर दोन्ही कामे उरकावीत, असे हौशी कारागिरास वाटणे स्वाभाविक आहे. हे का साधत नाही, याचे उत्तर ज्वालेच्या तापमानात नसून उष्णतेच्या जमाखर्चात आहे.

प्रोपेन हवेत जळताना ज्वालेचे सैद्धांतिक तापमान सुमारे १,९८० अंश सें. असते. पोलाद घडविण्यास १,१०० ते १,२५० अंश पुरतात. तरीही जाड सळई उघड्यावर त्या ज्वालेत धरल्यास तिला घडाईचा पिवळा रंग सहसा येत नाही. कारण प्रारणाने होणारा उष्णतेचा व्यय निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढत जातो. भट्टी ज्वालेस अधिक तप्त करीत नाही, ती हा व्यय रोखते. तिचे उच्चतापसह अस्तर स्वतः तापून प्रकाशमान होते व सळईने गमावलेली उष्णता तिच्याकडे परत पाठविते.

झाळकामातील अडचण निराळी आहे. झाळ म्हणजे ४५० अंशांवर, परंतु जोडावयाच्या धातूंच्या आधी वितळणारी मिश्रधातू होय (याहून कमी तापमानाचे ते डाखकाम). ती सांध्याच्या फटीत केशाकर्षणाने शिरते. शेकडा ५५ भाग चांदी असलेली प्रचलित झाळ ६३० ते ६६० अंशांच्या दरम्यान वितळते. सोनाराचा परिचित टाकणखार तिला उपयोगी पडत नाही, कारण तो स्वतःच ७४३ अंशांस वितळतो. तेथे फ्ल्युओराइडयुक्त अभिवाह लागतो. हे तापमान गाठणे कठीण नाही. ते सबंध सांध्यावर एकाच वेळी, आणि कारागिराच्या नजरेसमोर गाठणे कठीण आहे.

इंग्लंडमधील हौशी यंत्रकारांचे तांब्याचे छोटे बाष्पपात्र हे याचे उत्तम उदाहरण होय. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये सुरू केलेल्या ‘मॉडेल इंजिनियर’ या नियतकालिकाने घरी वाफेची इंजिने बांधण्याच्या छंदास मोठे उत्तेजन दिले. तांब्याची उष्णतावाहकता सौम्य पोलादाच्या सुमारे आठपट असल्याने एका सांध्यास दिलेली उष्णता पाहता पाहता सर्व पात्रभर पसरते. म्हणून पात्राभोवती हलक्या उष्णतारोधक विटा रचून ते संपूर्णच तापवावे लागते. समोरची बाजू मात्र उघडी ठेवावयाची, म्हणजे झाळ वाहताना दिसते. घडाईच्या तापमानास आणलेल्या बंद भट्टीत हे दिसणार नाहीच, शिवाय तांबे १,०८५ अंशांस वितळत असल्याने पात्रच हातचे जाण्याचा संभव.

आता धोक्यांविषयी. एक आकारमान प्रोपेनच्या पूर्ण ज्वलनास सुमारे २४ आकारमाने हवा लागते. पोलादावर पापुद्रा कमी धरावा म्हणून अनुभवी कारागीर भट्टीतील हवा किंचित कमी ठेवतात. धातूस हितकर असलेली हीच ज्वाला कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते, व त्यास ना रंग ना वास. तेव्हा भट्टी बंद खोलीत पेटवू नये. केवळ एक खिडकी उघडणे पुरेसे समजू नये. न जळलेला वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो, हेही सिलिंडरची जागा ठरविताना ध्यानात घ्यावे.

जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत घालणे सर्वथा वर्ज्य. जस्त ९०७ अंशांस उकळते व त्याच्या धुराने ताप येतो. कॅडमियमची वाफ त्याहून घातक, प्रसंगी प्राणघातक असते. युरोपीय संघाने काही अपवाद वगळता कॅडमियमयुक्त झाळीवर २०११ मध्ये बंदी घातली. परंतु जुन्या साठ्यातील कांड्या अद्यापही हाती पडू शकतात, आणि त्या केवळ पाहून ओळखता येत नाहीत.