उबेचे युनिट किती?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर सोडले की वांगणी येते. मुंबईच्या आकाशप्रेमींना हे नाव चांगले परिचित आहे. 'खगोल मंडळ' ही संस्था वांगणीजवळच्या नेहरोली येथे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेत आली आहे, आणि हिवाळ्यात तेथे जाणाऱ्यांना स्वेटर व पांघरूण सोबत ठेवावे लागते. ज्या निरभ्र आकाशामुळे तारे स्पष्ट दिसतात, त्याच आकाशाकडे रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते. समुद्रही दूर. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे येथील थंडी मुंबईपेक्षा अधिक बोचरी असते. पहाटेची लोकल गाठणाऱ्या चाकरमान्यांना ती जाणवते, आणि सांधेदुखीने बेजार झालेल्या घरातील वडीलधाऱ्यांना तर अधिकच.

अशा घरांत इलेक्ट्रिक ब्लँकेट घेण्याचा विचार निघाला की लगेच प्रश्न येतो, 'बिल किती वाढेल?' याचे उत्तर ब्लँकेटवर जेवढे अवलंबून आहे, त्याहून अधिक घरातील इतर वीजवापरावर अवलंबून आहे.

हिशेब सोपा आहे

एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. एका माणसाच्या ब्लँकेटची क्षमता साधारणतः ६० ते १०० वॉट असते. दोघांचे असल्यास १०० ते १५० वॉट. नेमका आकडा ब्लँकेटच्या पट्टीवर छापलेला असतो. १०० वॉटचे ब्लँकेट आठ तास पूर्ण क्षमतेने चालले तर ०.८ युनिट, म्हणजे तीस रात्रींत २४ युनिट होतात. बटण कमी उष्णतेवर ठेवल्यास खर्च याहून कमी येतो.

तुलनेसाठी दोन उदाहरणे पाहू. वीस लिटर पाणी २२ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे अर्धे युनिट लागते. म्हणजे रात्रभराच्या ब्लँकेटचा खर्च दोन बादल्या गरम पाण्याएवढाही नाही. दुसरे उदाहरण पंख्याचे. छताचा जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॉटचा असतो आणि आठ तासांत ०.६ युनिट घेतो. थंडीत तो बंद असतो. त्यामुळे उन्हाळ्यातील पंख्याच्या तुलनेत ब्लँकेटची प्रत्यक्ष वाढ रात्रीला जेमतेम ०.२ युनिट भरते.

खरी मेख टप्प्यांत

वांगणीला वीजपुरवठा महावितरणचा आहे. घरगुती ग्राहकांसाठी दराचे टप्पे असतात: पहिली १०० युनिट, त्यानंतर ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. २०२४-२५ या वर्षात पहिल्या टप्प्याचा वीज आकार युनिटला ४.७१ रुपये, तर दुसऱ्याचा १०.२९ रुपये होता. दोन्हींवर १.१७ रुपये वहन आकार होता. म्हणजे शंभरावे युनिट ५.८८ रुपयांना, आणि एकशे एकावे ११.४६ रुपयांना! त्यावर १६ टक्के वीज शुल्क वेगळे. दर वेळोवेळी बदलतात. म्हणून खालील आकडे नमुन्यादाखल घ्यावेत आणि स्वतःच्या ताज्या बिलावरील दर लावून हिशेब करावा. स्थिर आकार व इंधन समायोजन आकार यांत धरलेला नाही.

ज्या घरात थंडीतील वापर महिना ७२ युनिट आहे, तेथे ब्लँकेटच्या २४ युनिटांनंतरही एकूण ९६ युनिटच होतात. वाढ सुमारे १६४ रुपये. जेथे मूळ वापर ९० युनिट आहे, तेथे दहा युनिट स्वस्त दराने आणि उरलेली चौदा महाग दराने आकारली जातात. वाढ सुमारे २५४ रुपये. आणि जेथे १५० युनिट आधीच होतात, तेथे सर्व २४ युनिट महाग टप्प्यात पडून ३१९ रुपयांची भर पडते. ब्लँकेट तेच, रात्री तेवढ्याच; पण बिलातील वाढ जवळपास दुप्पट.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शंभराची मर्यादा ओलांडली म्हणून आधीची शंभर युनिट महाग होत नाहीत. केवळ वरची युनिटच वाढीव दराने आकारली जातात. तरीही शंभराच्या आसपास वापर असणाऱ्या कुटुंबाने हिवाळ्यातील जुनी बिले काढून पाहणे हिताचे. उन्हाळ्याच्या बिलावरून केलेला अंदाज चुकण्याचा संभव असतो.

हवा तापवावी की माणूस?

खोली तापविणाऱ्या हीटरचा हिशेब मात्र निराळाच आहे. एक हजार वॉटचा हीटर रात्री आठ तास अखंड चालला तर आठ युनिट, महिन्याला २४० युनिट होतात. ७२ युनिट वापरणाऱ्या घराचे बिल त्यामुळे वरील दरांनी तीन हजार रुपयांहून अधिक वाढेल. हीटर संपूर्ण खोलीतील हवा तापवितो आणि ती उष्णता भिंती, पत्रा, खिडक्यांच्या फटी यांतून निसटत राहते. ब्लँकेट केवळ अंथरूण तापविते. दोन्हींत वीज उष्णतेतच रूपांतरित होते. फरक आहे तो उष्णता कोठे पोहोचते याचा.

याच तत्त्वाने ब्लँकेटचा खर्चही कमी करता येतो. झोपलेल्या माणसाचे शरीर स्वतःच सुमारे ७० ते ८० वॉट उष्णता बाहेर टाकत असते. ती अडवून धरण्याचे काम घरची गोधडी उत्तम करते. झोपण्यापूर्वी अर्धा तास ब्लँकेट लावून गादी ऊबदार करावी, मग ते बंद करून गोधडी किंवा रजई पांघरावी. १०० वॉटच्या ब्लँकेटला यासाठी महिन्याला दीड युनिट पुरते. महाग टप्प्यात धरले तरी खर्च सुमारे वीस रुपये!

सुरक्षिततेचा भागही मोठा

बंद करून झोपण्यात बचतीइतकीच सुरक्षितता आहे. मधुमेहामुळे पायांच्या संवेदना कमी झालेल्यांना अति उष्णता कळत नाही आणि भाजण्याचा धोका राहतो. तान्ह्या बाळाच्या अंथरुणात हे उपकरण नसावे. ब्लँकेट चुरगळून किंवा घडी करून चालू ठेवू नये. आतील तार एका जागी तापते. ओले झालेले किंवा वायर उघडी पडलेली वस्तू वापरातून काढावी.

वांगणीची बोचरी थंडी वर्षातून काही आठवडेच टिकते. घरातील आजीच्या दुखऱ्या गुडघ्यांना त्या दिवसांत ऊब हवी असेल, तर विजेच्या बिलाच्या धास्तीने ती नाकारण्याचे कारण नाही. जुने बिल आणि ब्लँकेटवरील वॉटचा आकडा समोर ठेवला की पाच मिनिटांत हिशेब होतो.