जुना लॅपटॉप, नवं ग्राफिक्स कार्ड: खटपटी लोकांच्या भन्नाट करामती

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात जुना लॅपटॉप पुढे करा आणि विचारा, "याचं ग्राफिक्स कार्ड बदलून मिळेल का?" बहुतेक वेळा उत्तर येईल, "नाही, बोर्डवरच आहे." उत्तर खरं आहे. बहुतांश लॅपटॉपमध्ये 'कार्ड' नावाची वेगळी वस्तूच नसते. असते ती मदरबोर्डवर पक्की बसवलेली एक चिप. तिच्या पोटाखाली सोल्डरचे शेकडो बारीक गोळे असतात आणि शेजारी तिच्या मेमरीच्या चिपाही तशाच चिकटवलेल्या. ती उपटून दुसरी बसवणं म्हणजे नवा मदरबोर्ड घेण्याइतकाच खर्च आणि वर जोखीम.

पण गेली वीसेक वर्षं हे 'नाही' न ऐकणारे लोक जगभर आहेत. त्यांनी केलेल्या खटपटी, कंपन्यांनी दिलेली आणि फिसकटलेली आश्वासनं, हे सगळं इतकं मजेदार आहे की लॅपटॉप उघडायचा नसला तरी वाचावं.

एकच खाच सगळ्यांना? २००४ साली ठरलंही होतं!

एनव्हिडियाने २००४ मध्ये एमएक्सएम नावाचं मानक आणलं. कल्पना सरळ होती: लॅपटॉपचं ग्राफिक्स एका छोट्या वेगळ्या पट्टीवर ठेवायचं, पट्टी खाचेत बसवायची, चार स्क्रू आवळायचे, आणि जुनं झालं की काढून नवं घालायचं. त्याच सुमारास प्रतिस्पर्धी एटीआयने ॲक्सिऑम नावाचं स्वतःचं वेगळं मानक पुढे केलं. ते फार काळ टिकलं नाही. एमएक्सएम टिकलं, वाढलं, आणि तिसऱ्या आवृत्तीपर्यंत दोन मापांवर स्थिरावलं: ८२ बाय ७० मिलिमीटरचं लहान कार्ड आणि ८२ बाय १०५ चं मोठं.

मग घरोघरी कार्डं का बदलली गेली नाहीत? खाच जुळली तरी बाकीचं जुळत नव्हतं, म्हणून. चिपच्या डोक्यावर बसणारा तांब्याचा हीटसिंक प्रत्येक लॅपटॉपमध्ये वेगळ्या वळणाचा. कार्डावर मेमरी आणि वीजपुरवठ्याचे भाग कुठे असतील ते प्रत्येक उत्पादकाचं वेगळं. त्यामुळे नवं कार्ड खाचेत जायचं, पण हीटसिंक त्याच्यावर सपाट टेकायचाच नाही. त्यातून वाचलात तर बायोस कार्डाला ओळखायचा नाही. त्याने ओळखलं तर विंडोजचा ड्रायव्हर म्हणायचा, 'या लॅपटॉपसाठी हे कार्ड नाही', कारण ड्रायव्हरच्या फाइलमध्ये कार्डाच्या नंबरासोबत लॅपटॉप बनवणाऱ्याचाही नंबर तपासला जातो. हौशी मंडळी ती फाइल हाताने बदलून, ड्रायव्हरची सही तपासणं बंद करून कार्ड चालवतात. आजही!

तुमच्याकडे एचपीचा ८५७०डब्ल्यू किंवा ८७७०डब्ल्यू, किंवा डेलचा प्रिसिजन एम४८००, एम६८०० असेल, तर तुम्ही भाग्यवान आहात. इंजिनिअर आणि डिझायनर लोकांसाठी बनवलेल्या या जाडजूड यंत्रांत खरोखर एमएक्सएमची खाच आहे. तैवानच्या क्लेव्हो कंपनीच्या साच्यावर बनलेल्या कित्येक जुन्या गेमिंग लॅपटॉपांतही ती सापडते. तिथेही एक नियम पाळावाच: नेमक्या तुमच्याच मॉडेलमध्ये नेमकं तेच कार्ड कुणी तरी चालवलेलं असल्याशिवाय पैसे काढू नका.

आणि एक गंमत. लॅपटॉपमधून ही खाच जवळपास हद्दपार झाली, पण खाचेचा सांगाडा जिवंत आहे. कारखान्यांतल्या यंत्रांत बसणारे क्यूसेव्हन नावाचे छोटे संगणक २३० पिनांची जुनी एमएक्सएम खाच वापरतात, तर स्मार्क नावाचे ३१४ पिनांची नवी. त्यांचा ग्राफिक्स कार्डाशी काही संबंध नाही. खाच स्वस्त होती, मजबूत होती, तयार मिळत होती, म्हणून उचलली.

ॲपलच्या पोटात लॅपटॉपचं कार्ड

२००९ ते २०११ या काळातल्या आयमॅकमध्ये ॲपलने चक्क एमएक्सएम कार्डं बसवली होती. टेबलावरचा मोठा संगणक, आत लॅपटॉपचं कार्ड. २०१८ मध्ये मॅकओएस मोहावी आली तेव्हा ॲपलने मेटल या ग्राफिक्स प्रणालीला साथ देणारी चिप सक्तीची केली आणि २०११ चे धडधाकट आयमॅक अधिकृतपणे बाद झाले. लोकांनी काय केलं? पडद्याची काच काढली, जुनं एएमडी कार्ड उपसलं आणि लॅपटॉपांतून निघालेली मेटल चालवणारी एनव्हिडियाची कार्डं घातली. पण यंत्र सुरू होताना दिसणारं ॲपलचं चिन्ह त्या परक्या कार्डांवर उमटेना. तेव्हा स्वयंसेवकांनी कार्डाच्या आतला प्रोग्रामच नव्याने रचला आणि चिन्ह परत आणलं. पैसा न घेता, केवळ एक चांगलं यंत्र भंगारात जाऊ नये म्हणून! मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी कामगिरी वाटते.

ओव्हनमध्ये भाजलेलं कार्ड

जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपांतल्या काही चिपा नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले जात आहेत. दोष होता चिपच्या आतच. सिलिकॉनचा तुकडा ज्या सूक्ष्म सोल्डर-टिंबांवर बसतो, ती टिंबं आणि भोवतीचा भराव यांचा मेळ बसत नव्हता. लॅपटॉप तापला की सगळं प्रसरण पावायचं, बंद केला की आकसायचं, आणि रोजच्या या ताणाने टिंबांना तडे जायचे. आधी पडद्यावर पट्टे, मग नुसताच काळोख.

तेव्हा एक तोडगा जगभर पसरला: बोर्ड सोडवा आणि ओव्हनमध्ये साधारण २०० अंश सेल्सिअसला काही मिनिटं भाजा. आश्चर्य म्हणजे मेलेले लॅपटॉप खरंच उठून बसायचे! 'सोल्डर वितळून पुन्हा जुळलं' असं सगळे म्हणायचे. पण आकडे बघा. शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. २००६ पासून युरोपात शिशावर बंधन आल्यावर सर्रास वापरात आलेलं बिनशिशाचं सोल्डर साधारण २१७ अंशांना. म्हणजे २०० अंशांवर बोर्डाचं सोल्डर वितळतच नव्हतं. उष्णतेने चिपच्या आतले तडे तात्पुरते टेकायचे, इतकंच. काही आठवडे, फार तर काही महिने, आणि पुन्हा काळोख. शिवाय ज्या ओव्हनमध्ये केक होतो त्यात हे प्रकार करणं आरोग्याला घातक आहे.

हाच मुद्दा आज दुकानात उपयोगी पडतो. 'चिप रिबॉलिंग करून देतो' असं सांगितलं जातं, म्हणजे चिप उचलून तिच्याखालचे गोळे नवे घालायचे. बिघाड त्या गोळ्यांत असेल तर काम टिकतं. त्या काळातल्या चिपांचा बिघाड गोळ्यांत नसून एक मजला वर, चिपच्या आत होता. तिथे रिबॉलिंगची उष्णताच थोडे दिवस काम करून जाते. म्हणून विचारा: गोळे बदलणार की चिपच नवी घालणार?

बटण दाबा, यंत्र बंद करा, पुन्हा सुरू करा

२००६ च्या सोनी वायो एसझेडवर एक सरकतं बटण होतं. एका बाजूला 'स्टॅमिना', दुसऱ्या बाजूला 'स्पीड'. स्टॅमिनाला इंटेलचं काटकसरी ग्राफिक्स, स्पीडला एनव्हिडियाचं ताकदवान. मात्र बाजू बदलली की यंत्र पुन्हा सुरू करावं लागे. २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस आणलं आणि ही अदलाबदल आपोआप व्हायला लागली. तुमच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स दिसत असतील, तर ही त्याचीच परंपरा. ऑप्टिमसमध्ये ताकदवान चिप चित्र तयार करते, पण पडद्यापर्यंत ते सहसा काटकसरी चिपमधूनच जातं.

लिनक्सवाल्यांना मात्र ऑप्टिमसने फार छळलं. कंपनी मदत करेना, म्हणून त्यांनी स्वतःच बम्बलबी नावाचा प्रकल्प उभारला. ट्रान्सफॉर्मर्समध्ये ऑप्टिमस प्राइमचा साथीदार बम्बलबी, म्हणून हे नाव. २०११ मध्ये त्याच्या इन्स्टॉल करणाऱ्या फाइलमध्ये एक जागा चुकून सुटली. एक स्पेस, बास! 'या फोल्डरच्या आतला अमुक भाग पुसा' या आज्ञेचा अर्थ झाला 'हा अख्खा यूएसआर फोल्डर पुसा', आणि त्यात लिनक्सचे जवळपास सगळे प्रोग्राम असतात. लोकांच्या यंत्रांतून ते क्षणात साफ झाले. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका श्रोत्याने लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना ऑप्टिमसबद्दलच विचारलं. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. ते छायाचित्र जगप्रसिद्ध झालं, पण प्रश्न लॅपटॉपच्या ग्राफिक्सचा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आत जागा नाही? मग बाहेर!

आसुसने २००७ मध्ये एक्सजी स्टेशन दाखवलं: बाहेर डबा, डब्यात डेस्कटॉपचं कार्ड, आणि लॅपटॉपच्या एक्सप्रेसकार्ड खाचेतून जोडणी. २००८ मध्ये फुजित्सु सीमेन्सने अमिलो ग्राफिकबूस्टर आणला. पण खरी धमाल केली घरगुती प्रयोग करणाऱ्यांनी. वायफायचं छोटं कार्ड ज्या मिनी पीसीआय-एक्सप्रेस खाचेत बसतं, ते काढून तिथे चिनी ॲडॅप्टर लावायचा, तळाचं झाकण उघडंच ठेवायचं, केबल बाहेर काढायची, आणि तिच्या टोकाला भलंमोठं कार्ड, त्याला डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय. दिसायला भयंकर. चालतं मात्र!

किती चालतं? जुन्या एक्सप्रेसकार्डमधून सेकंदाला २५० मेगाबाइट जातात. डेस्कटॉपवर तिसऱ्या पिढीच्या पूर्ण खाचेतून जवळपास १६ गिगाबाइट. तरीही अनेक गेम खेळण्याजोगे चालतात, कारण चित्र रंगवण्याचा मुख्य भार कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर असतो. इथली युक्ती ही की मॉनिटर थेट बाहेरच्या कार्डाला जोडावा. तयार चित्र पुन्हा लॅपटॉपच्या पडद्यावर आणायला गेलात, तर त्याच अरुंद वाटेने परतीची वाहतूक सुरू होते आणि वेग ढासळतो.

जुन्या यंत्रात हा प्रयोग करणाऱ्या पुष्कळांची गाठ विंडोजच्या 'कोड १२' शी पडते. त्याचा अर्थ, कार्डाला पत्ता देण्यासाठी ४ जीबीच्या आतली जागा संपली. त्यावर उपाय म्हणून लोक रॅमची एक पट्टी काढून ठेवतात. रॅम कमी केली की ग्राफिक्स सुरू! थंडरबोल्ट ३ आल्यावर, २०१६ च्या रेझर कोअरसारख्या डब्यांनी हे सगळं सुटसुटीत केलं. ॲपलनेही २०१८ मध्ये बाहेरच्या कार्डांना अधिकृत साथ दिली, पण स्वतःच्या एम-मालिकेच्या चिपा आणल्या तेव्हा ती काढून घेतली.

नाव तेच, माल वेगळा

कार्ड बदलण्याऐवजी नवाच लॅपटॉप घ्यायचं ठरलं, तर एवढं बघून घ्या. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये जी सिलिकॉन चिप आहे, ती डेस्कटॉपच्या ४०८० ची. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कुडा कोअर आणि २४ जीबी मेमरी. लॅपटॉपच्यात ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. वीज ४५० वॅटच्या जागी फार तर १७५.

स्वस्तात मस्त: रॅमची दुसरी पट्टी

वेगळी चिपच नसलेल्या साध्या लॅपटॉपसाठी हा सर्वांत कामाचा मुद्दा आहे. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स साधी रॅमच वापरतं. डीडीआर४-२४०० ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला १९.२ गिगाबाइट, दोन असतील तर ३८.४. म्हणजे एक पट्टी वाढवली की ग्राफिक्सचा रस्ता दुप्पट. इंटेलच्या आयरिस एक्सई चिपा असलेल्या लॅपटॉपमध्ये तर गंमत डोळ्यांनी दिसते: एकच पट्टी असेल तर विंडोज त्याच चिपला 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणतं, दुसरी घातली की नाव बदलून 'आयरिस एक्सई' होतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. दोनपैकी किती खाचा भरल्या आहेत ते तिथेच लिहिलेलं असतं. झाकण उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ काढा आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदला. तापलेली चिप स्वतःचा वेग स्वतःच उतरवते, आणि पुष्कळदा जुन्या लॅपटॉपचं 'म्हातारपण' एवढंच असतं.

बदलता येण्याचं आश्वासन, दोनदा

२०१९ च्या जानेवारीत डेलने एलियनवेअर एरिया-५१एम आणला. प्रोसेसरही बदला, ग्राफिक्सही बदला, अशी जाहिरात. पण कार्डाचा आकार डेलचा स्वतःचा होता, त्यामुळे कार्ड देणार तेही डेलच. पुढच्या पिढीची कार्डं आली आणि ती या यंत्रासाठी मिळेनात. २०२१ मध्ये एका ग्राहकाने कॅलिफोर्नियात कंपनीला कोर्टात खेचलं.

दुसरी गोष्ट फ्रेमवर्क लॅपटॉप १६ ची. २०२४ च्या सुरुवातीला तो ग्राहकांच्या हातात पडू लागला तेव्हा त्याच्या पाठीमागच्या कप्प्यात एएमडीचं रेडिऑन ७७००एस होतं. ग्राफिक्स, त्याचा हीटसिंक आणि पंखे हे सगळं एकाच निघणाऱ्या ठोकळ्यात, म्हणजे एमएक्सएमला जिथे ठेच लागली ती जागाच टाळली. कप्प्याचे आराखडेही कंपनीने सर्वांसाठी खुले केले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच कप्प्यासाठी एनव्हिडिया आरटीएक्स ५०७० चा ठोकळा जाहीर झाला, किंमत ६४९ डॉलर. २०२४ मध्ये घेतलेल्या यंत्रातलं एएमडी काढायचं, एनव्हिडिया सरकवायचं, स्क्रू आवळायचे. ज्यांना ग्राफिक्स नकोच, ते त्याच जागी दोन एसएसडी बसवतात.